डोंगराआधी पाय कमवा

गणेशोत्सव संपला की ट्रेकचे बेत सुरू होतात. रतनगड ते हरिश्चंद्रगड, अलंग–मदन–कुलंग, राजगड–तोरणा, आणि ज्यांची हौस मोठी त्यांच्यासाठी राजगड–तोरणा–रायगड. ऑफिसातले चारजण ठरवतात, नात्यातलं कुणीतरी त्यांना येऊन मिळतं, पैसे भरले जातात, नवे बूट येतात. शरीराची आठवण मात्र निघायच्या आदल्या आठवड्यात होते आणि तेव्हा करण्यासारखं काही हातात उरलेलं नसतं. म्हणून माझं सांगणं एवढंच, की बेत ठरला त्याच दिवशी कॅलेंडर काढा आणि ट्रेकच्या तारखेपासून बारा आठवडे मागे मोजा. डिसेंबरच्या मध्याला निघायचं असेल, तर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तयारीला लागलं पाहिजे.

हे मी पट्टीच्या भटक्यांसाठी लिहीत नाही. त्यांचे पाय वर्षभर चालतेच असतात. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत बसणाऱ्या, पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या, वर्षातून एक-दोनदा लोहगड नाहीतर कळसूबाई करणाऱ्या माणसांना हे सांगायचं आहे. एका दिवसात जाऊन येण्याचा ट्रेक तुम्ही रेटून नेऊ शकता. दुसऱ्या दिवशी घरी असता, जिना उतरताना कठड्याला धरता, सगळे हसतात आणि विषय संपतो. पण पाठीवर सॅक घेऊन सलग तीन दिवस चालायचं असेल, तर तो दुसरा दिवसही डोंगरातच उगवतो. तिथे कठडा नसतो.

राजगड–तोरणा–रायगडचंच उदाहरण घेऊ, कारण या वाटेवर सगळ्या प्रकारचं चालणं येतं. पहिल्या दिवशी गुंजवण्यातून नाहीतर पाली गावातून राजगड चढायचा. मुक्काम बहुधा पद्मावती माचीवर. दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीच्या टोकाकडून, अळू दरवाजातून उतरून, तोरण्याकडे जाणारी लांबच लांब डोंगरधार धरायची. ही धार चढ-उताराची आहे, तिच्यावर पाण्याची खात्री नाही आणि कारवीच्या पट्ट्यांमधलं मोकळं रान उन्हाचं आहे. मध्ये खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो, तो ओलांडून पुन्हा चढ, आणि संध्याकाळच्या आत तोरण्याची बुधला माची. सहा ते आठ तास सहज जातात. तोरण्याची उंची 1403 मीटर. तिसऱ्या दिवशी गड पश्चिमेला उतरायचा, वाड्या-वस्त्यांमधून मोहरी गाठायचं आणि तिथून घाटमाथा सोडून कोकणात. सिंगापूरच्या नाळेने उतरा की बोराट्याच्या, दोन्ही वाटा दगडगोट्यांतून तीव्र उताराने जातात आणि त्यातली बोराट्याची जास्त अवघड. खाली पोचलात की रायगड समोर दिसतो, आणि मग त्याच्या चौदाशेहून अधिक पायऱ्या.

आता हा सगळा प्रवास पुन्हा एकदा वाचा आणि त्यात ‘उतरायचं’ किती वेळा आलं ते बघा. आपण तयारी करतो ती चढाची. धाप लागू नये, दम टिकावा, एवढंच डोक्यात असतं. दमाची काळजी रास्त आहे, पण चढावर दम लागला तर माणूस थांबतो, पाच मिनिटं टेकतो, पाणी पितो आणि पुन्हा चालू लागतो. उतारावर मांड्या गेल्या, तर पाच मिनिटांत काहीच परत येत नाही. घोटे मुरगळतात ते उतारावर. गुडघे बोलू लागतात ते उतारावर. पाय घसरतात, माणसं पडतात, त्यातली कितीतरी दुपारनंतर उतरताना, थकलेल्या पायांनी. तरीही उतरण्याचा सराव म्हणून कुणी काही करत नाही. उतरायचं काय, ते आपोआप होतं, असंच आपण धरून चालतो.

शरीराच्या दृष्टीने ही दोन वेगळी कामं आहेत. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आकुंचन पावतो आणि शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना जोर लावतो आणि ब्रेकसारखं काम करतो. ताणत-ताणत भार सोसण्याच्या या कामात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. तेव्हा फारसं काही जाणवत नाही. दुखणं सुरू होतं दुसऱ्या दिवशी आणि चोवीस ते बहात्तर तासांच्या दरम्यान ते सर्वांत जास्त असतं. म्हणजे राजगडाच्या चढ-उताराचं बिल तोरण्याच्या धारेवर येतं आणि तोरण्याचं नाळेत. दुखण्यापेक्षा वाईट गोष्ट ही, की त्या काळात स्नायूची ताकदही कमी झालेली असते. पाऊल जिथे ठेवायचं तिथेच पडेल याची खात्री राहत नाही. नुसत्या जिन्याच्या पायऱ्या उतरताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो. तुमचं वजन सत्तर किलो असेल, पाठीवर दहा किलो असेल आणि पायाखाली मुरमाचा घसारा असेल, तर पुढचा हिशोब तुम्हीच करा.

दिलाशाची गोष्ट अशी, की हा स्नायू फार लवकर शिकतो. एकदा उतरण्याचा व्यायाम करून पाय दुखले आणि बरे झाले, की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराला ते बरेच कमी दुखतात. काही आठवडे थोडंथोडं वाढवत गेलात, तर जे आधी तुम्हाला तीन दिवस लंगडवत होतं ते सहज पचू लागतं. पण हे उतरूनच मिळतं. ट्रेडमिल कितीही तिरपी केली तरी ती चढच देते. सायकलने दम वाढतो, पण मांडीला ताणाखाली भार सोसायची सवय लागत नाही. जिममध्ये वर्षानुवर्षं जाणारी धडधाकट मुलं नाळेत थरथरत्या पायांनी बसकण मारतात, त्याचं कारण हेच.

सुरुवातीला स्वतःची खरी स्थिती समजून घ्या. चाळिशी उलटली असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास घरात किंवा स्वतःला असेल, बरीच वर्षं व्यायाम बंद असेल, तर आधी डॉक्टरांकडे जाऊन ‘सॅक घेऊन तीन दिवस डोंगर चढायचा आहे’ असं स्पष्ट शब्दांत सांगा. नुसतं ‘फिरायला जाणार आहे’ म्हणू नका. गरज वाटली तर ते ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करायला सांगतील. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर दिवसभर चालताना साखर एकदम खाली जाऊ शकते, त्यामुळे त्या दिवसांसाठी औषधाचं प्रमाण काय ठेवायचं हेही त्यांनाच विचारा. चालताना छातीत दडपण आलं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते ‘सवय नसल्यामुळे’ होतंय असं समजून पुढे जाऊ नका. त्या क्षणी थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

बायकांना माझी वेगळी विनंती आहे. हिमोग्लोबिन तपासून घ्या. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या गटात आल्या होत्या. हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल तर चढावर लागणारी धाप कमी सरावामुळे नसून रक्तातल्या लोहाच्या कमतरतेमुळे असू शकते, आणि मग कितीही चाललात तरी अंग जड ते जडच राहतं. कितीजणी वर्षानुवर्षं स्वतःलाच दोष देत राहतात, की मला जमत नाही, माझा पिंडच तो नाही. बारा आठवडे हातात असतील तर वेळेवर सुरू केलेल्या लोहाच्या गोळ्यांनी हे चित्र बरंच बदलतं. तपासणी स्वस्त आहे. ती आधी करा, बुटांची खरेदी नंतर.

पहिल्या चार आठवड्यांत फार काही करायचं नाही. आठवड्यातले पाच दिवस चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चाला. वेग असा ठेवा, की बोलताना पूर्ण वाक्य बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. हे कंटाळवाणं वाटेल, पण पायाच्या शिरांना, टाचांना, सांध्यांभोवतीच्या बंधांना स्नायूंपेक्षा जास्त वेळ लागतो आणि तो वेळ इथे दिला नाही तर सहाव्या आठवड्यात टाच धरते नाहीतर नडगी ठणकू लागते. उत्साहाच्या भरात पहिल्याच रविवारी सिंहगड दोनदा करणारे तिसऱ्या आठवड्यात घरी बसलेले असतात.

याच चार आठवड्यांत आठवड्यातून दोनदा, घरच्या घरी, वीस-पंचवीस मिनिटं ताकदीचे व्यायाम सुरू करा. आपल्याकडच्या बैठका उत्तमच, पण त्या झपाझप मारू नका. खुर्चीसमोर उभे राहा आणि मनात एक-दोन-तीन म्हणत सावकाश खाली या, सीटला जेमतेम टेका आणि उठा. खाली येण्याचा वेळ हाच व्यायाम आहे. त्याच्या जोडीला एक साधी गोष्ट, जी मी सर्वांत महत्त्वाची मानतो: जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभे राहा, एका पायावर सगळा भार घ्या आणि तो गुडघा हळूहळू वाकवत दुसऱ्या पायाची टाच जमिनीला अलगद लावा. टाच आपटली तर तुम्ही पडताय, उतरत नाही. पुन्हा वर या. एका पायाचे आठ, मग दुसऱ्याचे आठ, असं तीनदा. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकला पाहिजे, आत झुकता कामा नये. पहिल्या दिवशी भिंतीला हात लावून करा. ज्या दिवशी हे हात न लावता, टाच न वाजवता जमेल, त्या दिवशी तुमची निम्मी तयारी झाली असं समजायला हरकत नाही. पोटऱ्यांसाठी पायरीच्या काठावर उभं राहून टाचा वर-खाली करा. आणि दात घासताना एका पायावर उभं राहण्याची सवय लावा, सकाळी उजवा, रात्री डावा. घोट्याला तोल सावरायला शिकवणारा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

पाचव्या आठवड्यापासून उताराकडे वळा. तुम्ही उंच इमारतीत राहत असाल किंवा कामाला जात असाल, तर लिफ्टने वर जा आणि जिन्याने खाली या. लोक सहसा उलटं करतात. सुरुवात आठ-दहा मजल्यांनी करा, कारण पहिल्या खेपेला मांड्या दुखणारच. दुखणं पूर्ण गेल्यावर पुन्हा, थोडं जास्त. तोरण्याहून वेल्ह्यात उतरताना साधारण सातशे मीटर खाली यावं लागतं. एक मजला तीन मीटरचा धरला, तर ते सव्वादोनशेहून अधिक मजले होतात. एवढे मजले कुणी इमारतीत उतरावेत असं मी म्हणत नाही. पण आठ आठवड्यांच्या सरावात जो एका वेळी चाळीस-पन्नास मजलेही उतरलेला नाही, त्याने कुठल्या भरवशावर गड उतरायला जावं?

आठवड्यातून एकदा मात्र जिना सोडून मातीवर गेलंच पाहिजे. पुणेकरांना वेताळ टेकडी आहे, तळजाई आहे, पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या आहेत आणि रविवारी सिंहगडाची आतकरवाडीची वाट. साताऱ्यात अजिंक्यतारा आहे, कोल्हापूरला पन्हाळा आणि जोतिबा, नाशिकला पांडवलेणी आणि चामर लेणी. मुंबईकरांना एरवी जिनाच, पण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीपर्यंतची चाल आहे आणि लोकलने कर्जत-नेरळ गाठलं की डोंगर समोर उभे आहेत. विदर्भ-मराठवाड्यातल्या सपाटीवरच्या वाचकांची अडचण मला कळते. तिथे जिना, एखाद्या पुलाचा चढ, धरणाची भिंत यांवर भागवावं लागतं. पण महिन्यातून एकदा तरी चिखलदऱ्याकडे, देवगिरीवर, रामटेकला, जिथे जमेल तिथे उंच-सखल जमीन पायाखाली घ्या. सिमेंटची पायरी प्रत्येक वेळी सारखीच असते. दगड कधीच सारखा नसतो, आणि कुठे पाऊल टाकायचं हे डोळ्यांनी आणि पावलांनी मिळून शिकावं लागतं.

सॅकही आता पाठीवर घ्या. सुरुवात तीन-चार किलोंनी. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरा, एक लिटर म्हणजे एक किलो, मोजायला सोपं. टेकड्यांवर नेमाने जाणारे कितीतरी लोक लावलेल्या रोपांसाठी घरून पाण्याचे कॅन नेतात. तुम्हीही पहिले दोन-तीन आठवडे तेच करा. भरलेली सॅक घेऊन चढा, पाणी रोपांना घाला आणि हलक्या पाठीने उतरा. गुडघे सावकाश तयार होतात. मग हळूहळू उतरतानाही वजन ठेवायला लागा. नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत ट्रेकला जेवढी सॅक नेणार आहात तेवढी पाठीवर असली पाहिजे. ती किती असावी? शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको, कमी असेल तर उत्तम. साठ किलोच्या माणसाने बारा किलो उचलणं ही शेवटची मर्यादा झाली. त्यातही तीन किलो पाण्याचेच असतात हे विसरू नका. घरातल्या काट्यावर सॅक ठेवून बघा, आणि जास्त भरली तर आधी दुसरी जीन्स काढा, मग तिसरा टी-शर्ट.

अकराव्या आठवड्याच्या आत एकदा सलग दोन दिवस चालून बघा. हे टाळू नका. शनिवारी पाच-सहा तास पूर्ण वजनासह, चढ आणि उतार दोन्ही. रविवारी सकाळी उठून पुन्हा चार तास. रविवारी सकाळी पलंगावरून उठताना पाय काय म्हणतात, ते ऐका. दोन्ही मांड्या सारख्याच बोथट दुखत असतील, चालायला लागल्यावर अर्ध्या तासात मोकळ्या होत असतील, तर तुम्ही तयार आहात. एकाच गुडघ्यात टोचल्यासारखी कळ येत असेल, सूज असेल, गुडघा अडकतोय असं वाटत असेल, तर ते वेगळं दुखणं आहे. ते फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि गरज पडली तर ट्रेक पुढे ढकला. डोंगर कुठेही जात नाही.

शेवटच्या आठवड्यात काही कमवायचा प्रयत्न करू नका. त्या सात दिवसांत नवी ताकद येत नाही, फक्त थकवा साठतो. मोठा उतार निघण्याआधी किमान आठ-दहा दिवस संपवा. त्यानंतर हलकं चालणं, पुरेशी झोप, बस्स.

खाण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण या विषयावर आधीच फार गोंधळ माजवला गेला आहे. वजन जास्त असेल तर ते कमी केल्याचा उतारावर थेट फायदा होतो, पण उपासमार करून नव्हे. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी भरपूर. दोन्ही जेवणांत डाळ, उसळ, दही, अंडी, मासे यांतलं काहीतरी हवंच. नुसत्या भात-पोळीवर झिजलेला स्नायू भरून येत नाही. प्रत्यक्ष डोंगरात तासा-दीड तासाने थोडं थोडं खा: चिक्की, खजूर, शेंगदाणे-गूळ, दशमी, थालीपीठ. ट्रेकच्या दिवशी उपवास असेल, तर तो घरच्यांशी बोलून पुढच्या आठवड्यावर न्या. रिकाम्या पोटी धारेवर चालणाऱ्याला भोवळ आली, की त्याची सॅक दुसऱ्याच्या पाठीवर जाते.

उन्हाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. डिसेंबरात पहाटे गडावर कानटोपी लागते आणि त्याच दिवशी दुपारी कोकणात उतरताना अंगातून घामाच्या धारा लागतात. दिवसभर एसीत बसणाऱ्या शरीराला हा बदल झेपत नाही. उष्णतेची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तेव्हा तयारीच्या काळात चालण्याच्या काही फेऱ्या पहाटेऐवजी सकाळी दहा-अकराला करा, आधी वीस मिनिटं, मग वाढवत जा. टोपी घाला, पाणी जवळ ठेवा. नुसतं साधं पाणी पोटभर ढोसत राहणंही बरं नाही, रक्तातलं सोडियम पातळ होतं. लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस मधूनमधून घ्या. आणि सोबत्याकडे लक्ष ठेवा. एखादा असंबद्ध बोलायला लागला, पावलं वेडीवाकडी टाकू लागला, चिडचिड करू लागला, तर त्याला सावलीत बसवा, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला आणि मदत बोलवा. अशा वेळी त्याला घाम येतोय म्हणून तो ठीक आहे असं समजू नका. घाम येत असतानाही उष्माघात होतो.

पायांबाबत दोन-तीन गोष्टी. बूट निदान महिनाभर आधी घ्या आणि सरावात वापरा. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, जाड मोजे घालून माप बघा. उतारावर पाय पुढे सरकतो आणि नखं बुटाच्या टोकावर आपटून काळी पडतात, म्हणून अंगठ्यापुढे जागा हवी, नखं दोन दिवस आधी कापलेली हवीत आणि उतरण्यापूर्वी घोट्याजवळची नाडी घट्ट बांधायला हवी. ट्रेकिंगच्या दोन काठ्या घ्याच. काठी म्हणजे म्हातारपण असा एक समज आपल्या तरुणांत आहे आणि तो चुकीचा आहे. उतारावर काठ्यांमुळे गुडघ्यावरचा भार कमी होतो, हे प्रयोगशाळेत मोजून पाहिलेलं आहे. फक्त त्यांचीही सवय टेकडीवर आधी करून घ्या, आणि कातळटप्प्यावर दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तिथे त्या सॅकला अडकवा.

‘मनाची तयारी असली की शरीर आपोआप चालतं’ हे वाक्य प्रत्येक ट्रेकला ऐकू येतं. चांगल्या हेतूने म्हटलं जातं, पण मला ते पटत नाही. मनाच्या जोरावर माणूस चढून जातो आणि नाळेच्या मध्यावर त्याचे पाय संपतात. तिथे त्याचं मन कितीही खंबीर असलं तरी त्याला उचलून न्यायला माणसं लागतात. नाळेतून एका माणसाला स्ट्रेचरवर काढायचं, तर सहा-आठजण एकावेळी खांदा देतात, दर थोड्या वेळाने बदलतात, आणि वाट अवघड असली की दोरावर उतरवावं लागतं. तासन् तास जातात, बऱ्याचदा रात्र होते. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र संस्था असो, महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरच्या हाकेला धावून जाणारे गावोगावचे गट असोत, ही मंडळी आपापल्या नोकऱ्या-धंदे सांभाळून, स्वयंसेवक म्हणून येतात. त्यांच्याही आधी पोचतात ती पायथ्याच्या गावातली माणसं, हातातलं काम टाकून, अनेकदा साध्या चपलेवर. अपघात कुणालाही होऊ शकतो आणि तेव्हा मदत मागण्यात कमीपणा नाही. पण बारा आठवड्यांची तयारी न करता येऊन त्यांना रात्री घराबाहेर काढणं आपण टाळू शकतो, आणि टाळलं पाहिजे.

ट्रेक नेणाऱ्या लीडर मंडळींनाही एक सांगणं. नाव नोंदवताना फक्त वय आणि रक्तगट विचारू नका. ‘गेल्या महिन्यात सॅक घेऊन सलग दोन दिवस चाललात का?’ हा एक प्रश्न विचारा. उत्तर ‘नाही’ असं आलं तर त्याला एक दिवसाचा ट्रेक सुचवा. माणूस नाराज होईल, पण तयारी करून पुढच्या वर्षी येईल.

एवढं करूनही ऐनवेळी पाय दगा देऊ शकतात. झोप झालेली नसते, ताप येऊन गेलेला असतो, काहीही होतं. म्हणून निघण्याआधी सगळ्यांनी मिळून वाटेवरच्या सोडायच्या जागा ठरवून ठेवा. राजगडावर पहिल्याच संध्याकाळी गुडघा दुखू लागला तर गुंजवण्यात परत उतरणं सोपं आहे. धारेवर असाल तर खिंडीतला डांबरी रस्ता. तोरण्यावर सकाळी पायऱ्या उतरताना मांड्या थरथरल्या तर वेल्ह्याची वाट धरा, तिथून पुण्याला गाडी मिळते. शेवटची जागा मोहरी, तिथपर्यंत गाडी येऊ शकते. तिथे दहा मिनिटं थांबून प्रत्येकाला एकेकट्याने विचारा, सगळ्यांसमोर नको, कारण सगळ्यांसमोर कुणी खरं सांगत नाही. ज्याला शंका असेल त्याच्याबरोबर आणखी एकाने गाडीने परत फिरावं. नाळेत शिरल्यावर मात्र मधे कुठे सुटका नाही, खालीच उतरावं लागतं. आणि नाळ व्यवस्थित उतरून रायगडाच्या पायथ्याला पोचल्यावर पाय पुरे म्हणाले, तर हिरकणीवाडीतून रोपवे वर जातो. तिकीट काढा आणि महाराजांच्या समाधीचं दर्शन घ्या.